खाली न आलेला हात

टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. मग टक्-टक्-टक्.

दुपारची झोप घरावर नुकतीच पसरली होती. लेकीला निजवायला मला एक गोष्ट, तीच गोष्ट पुन्हा, आणि शेवटी माझं खोटं खोटं घोरणं एवढं सगळं खर्ची घालावं लागलं होतं. नवरा पहाटेची बेकरी उरकून आला होता आणि भुवयांवरच्या पिठासकट सोफ्यावर आडवा झाला होता. सासूबाई पेपर वाचत होत्या, म्हणजे पेपर छातीवर होता आणि चष्मा कपाळावर. ‘झोपलात का?’ विचारलं तर ‘छे, वाचतेय’ असं उत्तर आलं असतं. अशा शांततेत वॉशिंग मशीनला कंठ फुटला.

दुसऱ्याच ठोक्याला मला कळलं. चेन असली की किर्रकिर्र वाजते, नाणं असलं की खणखणतं. हा आवाज माझ्या शिट्टीचा होता. काळ्या हाफपँटच्या खिशात राहिलेली माझी शिट्टी, आणि उद्या सामना.

मशीन बंद केलं तरी दार लगेच उघडत नाही. मी काचेसमोर फतकल मारून बसले आणि पाणी ओसरायची वाट बघत राहिले. आत छोटे छोटे मोजे, नवऱ्याचा ॲप्रन, आणि त्यांच्यात गिरक्या घेणारी शिट्टी. दार उघडताच ती बाहेर काढून कानाशी हलवली. आतला बुचाच्या लाकडाचा दाणा पाणी पिऊन टम्म फुगला होता. खुळखुळला नाही. आता ही वाजते की नाही ते वाजवूनच बघावं लागणार. बाथरूमचं दार लावलं, तोंडावर टॉवेल धरला आणि अगदी हळू फुंकर मारली.

बेडकासारखी वाजली. पण शिट्टी ती शिट्टीच.

“कोण ओरडलं?”

दारात लेक. केस एका बाजूला चपटलेले, हातात उशी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरतच नाही. झोपेतसुद्धा पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे.

“मी नाही ओरडले. शिट्टी वाजली.”

“शिट्टी तुझ्या तोंडात होती?”

“हो.”

“मग सॉरी म्हण.”

हा नियम मीच केला होता. जो ओरडेल त्याने, ज्याच्यावर ओरडला त्याला, दिवस मावळायच्या आत सॉरी म्हणायचं. तिच्या किंचाळ्यांवर औषध म्हणून काढला, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडले मीच.

“सॉरी.”

“बाबाला पण म्हण. तो पण उठला.”

“मी नाही उठलो,” सोफ्यावरून बंद डोळ्यांनी उत्तर आलं.

“आणि आजीला.”

“मी वाचतेय,” सासूबाई म्हणाल्या.

मी शिट्टी खिडकीत उन्हात ठेवली. भिंगरीने शेजारी आपली बाहुली बसवली, राखण करायला.

विद्यापीठाच्या हौशी फुटबॉल सामन्यांना मी रेफरी असते. ज्या पोरांना कधीच कुठे निवडलं जाणार नाही अशी पोरं तिथे जीव तोडून खेळतात, आणि आम्ही रेफरी जीव तोडून त्यांच्या शिव्या खातो. भिंगरी पोटात असेपर्यंत मी मैदानाच्या मधोमध होते. परत आले ती खांदा घेऊन. तिला उचलून, झुलवून, उजव्या हातावरच झोपवून माझा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जायचा आणि तिथेच रुसून बसायचा.

रेफरीला हात लागतो. सगळ्यात जास्त लागतो तो एका गोष्टीसाठी. काही चुकांना अशी फ्री किक देतात की बॉल थेट गोलमध्ये गेला तरी गोल होत नाही. मध्ये आणखी कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. तिला इनडायरेक्ट म्हणतात. ती दिली की रेफरीने एक हात सरळ आभाळाकडे धरायचा आणि बॉलला दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत, नाहीतर बॉल बाहेर जाईपर्यंत, खाली आणायचा नाही. तो हात म्हणजे मैदानावरची पाटी: थेट मारू नका, गोल धरणार नाही. रेफरी पाटी लावायला विसरला आणि बॉल थेट आत गेला, तर चूक रेफरीची. किक पुन्हा घ्यायची.

दुसरा हात आहे की, असं तुम्ही म्हणाल. कुठलाही चालतो, खरं आहे. पण इतक्या वर्षांची सवय हाडात मुरलेली असते. शिट्टी वाजली की माझा उजवाच वर निघायचा, कानापाशी अडकायचा, मग मला आठवण व्हायची आणि डावा निघायचा. परत आल्यावरच्या पहिल्याच सराव सामन्यात मी अशी पतंग उडवत उभी राहिले. दोन्ही संघ हसले. कधी नव्हे ते एकत्र हसले, तेवढाच माझा समाजाला उपयोग.

आमचे सचिव वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, “ताई, आधी कुठला हात ते ठरवा. तोवर लाईनवर राहा. झेंडा हलका असतो.”

लाईनवर म्हणजे मैदानाच्या कडेने झेंडा घेऊन धावायचं, शिट्टी मधल्या रेफरीची. झेंडा हलका असतो हे खरं. पण एकदा लाईनवर गेलेला माणूस मध्ये परत येताना मी फारसा पाहिलेला नाही. वर्ष सरतं, नवी पोरं येतात, आणि आपण झेंडेवाली ताई होऊन जातो.

म्हणून मग भिंत. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाली, बोटं भिंतीवरून वर चढवा, रोज थोडी जास्त. आमच्या आतल्या दाराच्या चौकटीशेजारी भिंगरीच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत. तिथेच मी बोटं चढवू लागले. ती खाली उभी राहून बघायची.

“कोळी चढला! आज कुठपर्यंत?”

आणि स्टुलावर उभी राहून माझीही रेघ ओढायची. एका भिंतीवर आम्ही दोघी वाढत होतो, ती सावकाश, मी दात-ओठ खाऊन. पहाटे पाव मळणारे हात घरी आले की माझा खांदा मळायचे. “पीठ घट्ट आहे,” नवरा म्हणायचा. “अजून फुगायला ठेव.”

मग भिंगरीने खेळ काढला. मी शिट्टी वाजवायची आणि हात वर करायचा. तिने बॉलला हात लावला की हात खाली. एवढाच नियम. पण ती लावायचीच नाही! बॉलभोवती फेऱ्या मारायची, बोट अगदी जवळ न्यायची, मागे घ्यायची.

“आता?”

“अजून नाही!”

“पिल्लू, दुखतंय गं.”

“अजून नाही!”

एकदा मधेच उठून पाणी प्यायला गेली. शांतपणे प्यायली, पेला जागेवर ठेवला, जो एरवी कधी ठेवत नाही, आणि परत येऊन म्हणाली, “अजून नाही.” सासूबाईंनी आतून विचारलं, “ही कुणावर गेलीय?” मी हात वर ठेवूनच म्हटलं, “तुमच्यावर.” दोघीही हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात वर होता.

आणि मग सचिवांचा फोन आला. अंतिम सामना, कायदा विरुद्ध इंजिनिअरिंग. हा सामना कुणालाच नको असतो. कायद्याची पोरं प्रत्येक निर्णयावर युक्तिवाद करतात, इंजिनिअरिंगची पोरं युक्तिवादाच्या भानगडीत न पडता थेट अंगावर येतात. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांच्या घरी नेमकं त्याच दिवशी कुणाचं तरी लग्न निघालं होतं.

“तुम्ही घ्याल?” सचिव म्हणाले. “रेफरींचे परीक्षक, आपले चष्मेवाले सर, बघायला येतील. त्यांना पटलं तर शिट्टी तुमची. नाही पटलं तर मग, ताई, झेंडाच. मी पुन्हा नाही विचारू शकणार.”

“घेते,” मी म्हटलं.

नवरा आणि भिंगरी सामन्याला येणारच होते. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “मीही येते.”

“अहो आई, तिथे लोक फार बोलतात.”

“मला?”

“मला.”

“मग तर येतेच. बघू दे कोण बोलतं ते.” त्यांनी पाण्याची बाटली, भिंगरीचा जादा फ्रॉक आणि बसायला जुनी चादर पिशवीत भरली, जणू गावाला निघाल्या होत्या.

मैदान ग्रंथालयाच्या मागे आहे. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला सायकलींचा स्टँड. बॉल तिकडे गेला की सायकली एकमेकींवर कोसळतात आणि घंट्या किणकिणतात. रेफरींची खोली म्हणजे चुन्याची पोती, फाटक्या जाळ्या आणि अडथळ्यांच्या शर्यतीच्या चौकटी ठेवायची जागा. मी चौकटींच्या आड कपडे बदलले. माझा लाईनमन, ज्याला आम्ही लांब्या म्हणतो, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“ताई, खांदा?”

“आहे जागेवर.”

“हात?”

“तोही.”

“मग काळजी नाही. शिट्टी?”

शिट्टी रात्रभर वाळली होती, पण दाण्याचा मोकळेपणा अजून आला नव्हता. सामना सुरू करायला वाजवली तर घसा बसल्यासारखी घोगरी निघाली. कायद्याचा गोलकीपर लांबून ओरडला, “मॅडम, शिट्टीला सर्दी झालीय!”

त्याला सगळे वकीलसाहेब म्हणत. शेवटची परीक्षा अजून बाकी होती, पण तोंड आधीच पास झालं होतं. पहिल्या अर्ध्यात त्याने मला प्रत्येक शिट्टीचं कारण विचारलं.

“मॅडम, माझा आक्षेप नोंदवून घ्या.”

“घेतला. फेटाळला. गोलमध्ये जा.”

“अपील?”

“सामन्यानंतर.”

समोर इंजिनिअरिंगचा कॅप्टन. त्याचं नावच इंजिन. मान नसलेला, दम न लागणारा पोरगा, पिवळ्या शर्टात मैदानभर धडधडत फिरणारा. पायऱ्यांवर जवळजवळ सगळे पिवळेच होते, कायद्याचे निळे चारदोनच. इंजिनिअरिंगची पोरंच जास्त, काय करणार.

वरच्या पायरीवर, सगळ्यांपासून वेगळे, चष्मेवाले सर बसले होते. ना टाळी, ना मान हलवणं. ते फक्त बघतात. त्यांच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि दर थोड्या वेळाने बघत होते.

पण पाय चालत होते. बॉल जिथे जाणार तिथे माझे पाय आधीच निघत होते, आणि हे कुणी शिकवून येत नाही, आणि गेलेलंही नव्हतं. कित्येक महिने मला वाटत होतं, की माझ्यातलं हे सगळं दुधाबरोबर वाहून गेलं असेल. नव्हतं गेलं. पोराच्या खांद्यावरून पाय कुठे पडतोय ते दिसत होतं, खोटं पडणं आणि खरं पडणं कानाने ओळखू येत होतं. मी धावत होते आणि आतून कुणीतरी म्हणत होतं, आहेस की! अजून आहेस की तू!

दुसऱ्या अर्ध्यात कायद्याने गोल केला. कोपऱ्यातून आलेला बॉल त्यांच्या सगळ्यात बुटक्या पोराच्या डोक्याला लागला आणि आत गेला; तोच सगळ्यात जास्त दचकला. एक-शून्य. पायऱ्या पिवळ्याच्या लाल झाल्या. “घरी जा!” सुरू झालं. मी ऐकलं आणि सोडलं. घरी तर जाणारच होते, सामना संपल्यावर.

आणि शेवटाला, इंजिनिअरिंगने सगळा जोर लावलेला असताना, कायद्याच्या एका पोराने घाबरून बॉल मागे आपल्याच गोलकीपरकडे ढकलला. आपल्याच माणसाने पायाने दिलेला बॉल गोलकीपरने हाताने उचलायचा नसतो. हे वकीलसाहेबाला झोपेत उठवून विचारलं असतं तरी कलमासकट सांगितलं असतं त्याने. पण बॉल खड्ड्यात आपटून विचित्र उसळला, आणि त्याच्या हातांनी त्याच्या डोक्याला विचारलं नाही. गपकन पकडला.

त्याने हातातल्या बॉलकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मी शिट्टी फुंकली. आणि काय सांगू, दाणा सुटला! सबंध सामना घोगरी रडलेली शिट्टी अशी खणखणीत वाजली की सायकल स्टँडवरची कबुतरं उडाली.

हात निघाला. उजवा. कानापाशी आला, तिथे खांद्यात कट् झालं, आणि सरळ वर गेला. पार वर. भिंतीवरच्या सगळ्या रेघा ओलांडून.

“इनडायरेक्ट!” मी ओरडले. “इनडायरेक्ट! थेट गोल नाही!”

कोण ऐकतंय. गोलच्या अगदी समोर किक. पिवळे हुर्यो करत होते, निळे आपल्या गोलरेषेवर भिंत करून उभे राहत होते, एकमेकांना ढकलत होते, वकीलसाहेबाला बोलत होते. मी डाव्या हाताने त्यांना मागे सारत होते. मागे जायचे, पुन्हा पुढे यायचे. आणि हा सगळा वेळ उजवा वर. खांद्यात आधी ऊब आली, मग जाळ झाला, मग बोटांना मुंग्या. हात आता जड धोंड्यासारखा वाटू लागला. एकदा, फक्त एकदा, खाली घेऊन झटकावा आणि पुन्हा वर करावा, कोण बघतंय? सगळे बॉलकडेच तर बघत होते.

तेवढ्यात पायऱ्यांवरून, सगळ्या गोंगाटाच्या वरून, एक चिरका आवाज आला.

“अजून नाही, आई! अजून नाही!”

तिच्या लेखी हा आमचाच खेळ होता. बॉलला अजून तिने हात लावला नव्हता.

मी हात वर ठेवला. बोटंसुद्धा ताणली.

इंजिन मागे सरला, धावत आला आणि अशी सणसणीत लाथ मारली की बॉलचा आवाज आधी आला आणि बॉल नंतर दिसला. त्याच क्षणी वकीलसाहेब बोंबलला, “शिवू नका! कुणी शिवू नका!” निळी भिंत धडाधड खाली बसली. आणि तो स्वतः, सबंध सामना जिवावर उदार होऊन उड्या मारणारा गोलकीपर, त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि पाहुण्याला वाट द्यावी तसा एका बाजूला सरकला. बॉल त्याच्या शेजारून जाऊन जाळीत धडकला.

पायऱ्या फुटल्या. पिवळे इंजिनवर पडले, त्यांच्यावर आणखी पिवळे. कुणीतरी शर्ट काढून गरगरा फिरवत होतं. ढोल म्हणून कुणी पत्र्याचा डबा बडवत होतं.

आणि मी एकटी, हात वर.

हळूहळू दिसायला लागलं त्यांना. आधी एकाला, मग त्याने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. शर्ट फिरायचा थांबला. डबा थांबला. त्या शांततेत मी चालत गोलपाशी गेले, हात तसाच, आणि म्हटलं, “गोल नाही. गोल किक. बॉल कायद्याचा.”

मग जे सुरू झालं ते मी इथे लिहीत नाही. माझ्या आईवडिलांची, डोळ्यांची, बुद्धीची चौकशी झाली. इंजिन ढिगाऱ्यातून उठून आला, छाती पुढे काढून.

“मॅडम, गोल आहे तो! सगळ्यांनी बघितलाय!”

“इनडायरेक्ट होती. कुणाचा स्पर्श नाही.”

“तुम्ही हात वर केलाच नव्हता! हात वर नसला तर किक पुन्हा घ्यायची, नियम आहे!”

“आत्ता कुठे आहे?”

त्याने वर बघितलं. सगळ्यांनीच वर बघितलं. हात तिथेच होता, किंचित थरथरत, पण सरळ.

“आत्ता केला असेल,” तो म्हणाला, पण आवाजातला दम गेला होता.

“अरे बाबा,” मागून वकीलसाहेब आला, “मी बॉल बघतच नव्हतो. मॅडमचा हात बघत होतो. माझ्या बोटाचं टोक लागलं असतं तरी तुझा गोल होता. तो हात खाली असता तर मी उडी मारली नसती का? मी काय वेडा आहे, अंतिम सामन्यात हात बांधून उभा राहायला?”

इंजिनने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बॉल सायकलींमध्ये भिरकावला. सगळ्या घंट्या वाजल्या. मी उजवा हात खाली आणला, डाव्याने पिवळं कार्ड काढलं आणि त्याला दाखवलं. घंट्या अजून वाजतच होत्या, त्यामुळे जरा समारंभासारखं वाटलं.

उरलेला वेळ मी हवेत धावले. पायऱ्यांवरून जे येत होतं ते मला लागतच नव्हतं. इंजिन शेवटचा धडधडत आला, त्याने मारलेला बॉल खांबाला लागून परतला, निळ्यांनी तो लांब पिटाळला, आणि मी शिट्टी वाजवली. दोन्ही हात वर करून वाजवली. दोन्ही!

निळे नाचत होते. पिवळे गवतात बसले होते. आणि पायऱ्यांवरून एक फ्रॉक सुटला, दोर तोडलेल्या वासरासारखा, मैदान ओलांडत आला, बॉलपाशी थांबला आणि एक बोट टेकवून म्हणाला, “झालं. आता खाली.”

मी हात खाली आणले आणि त्यांच्यात ती आली.

इंजिन माझ्या जवळून जाताना थांबला. हात पुढे केला, माझा हात जोरात हलवला. खांद्यातून कळ डोक्यात गेली. “मी बघितलाच नाही हात,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “खरं सांगू? मी आजवर कुठल्याच रेफरीचा बघितलेला नाही.” आणि गेला.

चुन्याच्या पोत्यांच्या खोलीत चष्मेवाले सर आले तेव्हा मी एका पोत्यावर बसले होते आणि भिंगरी माझ्या बुटाची नाडी सोडवायच्या नावाखाली आणखी गुंतवत होती. सरांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला.

“किक घेताना उजव्या बाजूला एक पाऊल जास्त हवं होतं. भिंत नीट दिसली असती.”

“हो सर.”

“दुसऱ्या अर्ध्यात एक थ्रो-इन उलटा दिला.”

“हो सर. देताना कळलं.”

“शिट्टी बदला.”

“हो सर.”

ते दारापर्यंत गेले.

“पुढच्या रविवारी मोकळ्या आहात?”

“झेंडा, सर?”

“झेंडा कशाला? मधे.” मग वळून, पहिल्यांदाच थोडंसं हसत, “मी त्या हातावर नजर ठेवून होतो. खाली येईल असं वाटलं होतं मला. नाही आला.”

लांब्याने मला उचलूनच धरलं असतं, पण सासूबाई आत आल्या म्हणून आवरलं.

बाहेर आल्यावर नवऱ्याने पायऱ्यांवरची हकीकत सांगितली. गोल नाकारल्यावर मागे बसलेला एक धिप्पाड पोरगा ओरडला होता, “ओ मॅडम, घरी जाऊन भांडी घासा!” सासूबाई चादरीवरून उठल्या, वळल्या आणि म्हणाल्या, “भांडी तिचा नवरा घासतो. हा काय, शेजारी बसलाय. तुझ्या घरी कोण घासतं?” पोरगा म्हणाला, “आई.” “मग घरी तू जा,” सासूबाई म्हणाल्या, “आणि तिला जरा बसू दे.”

“तुम्ही असं म्हणालात?” मी विचारलं.

“मला तुझा खेळ कळत नाही,” त्या म्हणाल्या. “पण हात वर धरून उभं राहणं काय असतं ते मला कळतं.” आणि पिशवी माझ्या हातातून काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली.

घरी आलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. बाथरूममध्ये मी स्टुलावर बसले आणि भिंगरी मगाने माझ्या पायांवर पाणी ओतू लागली. गुडघ्यापासून खाली सगळा चिखल-चुना. ती साबण लावून दोन्ही तळव्यांनी घासत होती, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. शेजारी मशीन फिरत होतं. या वेळी सगळे खिसे मी दोनदा तपासले होते. आत फक्त पाण्याचा आवाज.

माझा उजवा हात मांडीवर पडला होता, निवांत, थकलेला. मला त्याच्याकडे बघून हसू येत होतं. रविवार. मधे. मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. रविवार. मधे.

“आई, तू हसतेयस.”

“हो.”

“तुझं बरोबर होतं ना?”

“हो गं पिल्लू. बरोबर होतं.”

“बाबा म्हणाला, सगळ्यांचं चुकलं आणि तुझं एकटीचं बरोबर होतं.”

“तुझा बाबा थोडं वाढवून सांगतो.”

ती घासायची थांबली. मग तिने बाथरूमच्या छोट्या खिडकीतून बाहेर बघितलं. आभाळ केशरी झालं होतं, बाहेरचे दिवे एकेक लागत होते. पुन्हा माझ्याकडे वळली तेव्हा कपाळाला आठ्या होत्या. फेसाचे हात तसेच हवेत.

“दिवस तर संपत आला, आई,” ती म्हणाली. “मग एवढे सगळे लोक तुला सॉरी कधी म्हणणार?”